पट्टा मजबूत, पण तो कशाला अडकवला आहे?

गोंदियाहून निघालेला रस्ता गोरेगाव मागे टाकून मुरदोलीच्या जंगलात शिरतो आणि पुढे कोहमाऱ्याला मुंबई–कोलकाता महामार्गाला मिळतो. रोवणीच्या दिवसांत या रस्त्यावर मजूर बायांनी भरलेले पिकअप दिसतात. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीच्या नाटकांना निघालेल्या जीपा दिसतात. पहाटे नागझिऱ्याकडे पळणाऱ्या उघड्या जिप्सी असतात आणि लग्नसराईत वऱ्हाड वाहणारे मिळेल ते वाहन. यातल्या अनेक गाड्या कारखान्यातून जशा बाहेर पडल्या तशा आता राहिलेल्या नाहीत. कुणाची मागची सीट काढून दोन लांब बाके टाकलेली, कुणाचे छत कापून पाइपाची चौकट उभी केलेली, कुणाची बॉडी मूळ चेसिसवर स्थानिक गॅरेजातच बांधलेली.

हा रस्ता चुकीला माफी देणारा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक वाघ मरण पावला. रानडुक्कर, चितळ किंवा वाघ समोर आला की चालकाचा पाय ब्रेकवर जातो आणि आत बसलेली माणसे पुढे फेकली जातात. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही बस याच मार्गावर सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि अकरा प्रवासी दगावले. असा अपघात झाला की काही दिवस वेगाची, वळणाची, चालकाच्या चुकीची चर्चा होते. वाहन उलटताना आतल्या माणसाला जागेवर धरून ठेवणारे काय होते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो.

आता तो प्रश्न थोडाफार विचारला जाऊ लागला आहे. दंडाची भीती असो वा खरी काळजी, बदललेल्या गाड्यांचे मालकही पट्टे बसवून घेण्याचा विचार करतात. बाजारात पट्टा सहज मिळतो. शर्यतीच्या गाडीत असतो तसा चार टोकांचा, लाल-निळ्या रंगाचा ‘हार्नेस’ही ऑनलाइन घरपोच येतो. गॅरेजात एका दुपारी चार भोके पाडून तो बसतोही. गाडी रुबाबदार दिसते, मालक निर्धास्त होतो. मात्र त्या चार भोकांचे काय होणार, हे पहिल्या धडकेपर्यंत कुणालाच कळत नाही.

सत्तर कट्टे धान, एका माणसामागे

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला वेग वाटतच नाही. पण या वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळून थांबते, तेव्हा आतल्या माणसाच्या दृष्टीने ते सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे असते. ७० किलो वजनाच्या माणसात त्या क्षणी जी गतिज ऊर्जा असते, ती कुठेतरी जिरावी लागते. गाडीचे नाक चेपले जाते, पट्टा थोडा ताणला जातो, आणि माणूस अर्धा-पाऊण मीटर अंतरात थांबतो असे धरले, तर त्याला थांबवणारे सरासरी बल एक ते दीड टन वजनाइतके येते. पट्टा नसेल तर तोच माणूस स्टिअरिंगवर किंवा समोरच्या सीटच्या लोखंडावर आदळून दहा-पंधरा सेंटिमीटरांत थांबतो. मग बल पाच ते सात टनांच्या घरात जाते. छातीचा पिंजरा एवढे सोसण्यासाठी घडलेला नाही.

म्हणून मोटार बनवणाऱ्या कंपनीला पट्ट्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते आणि पट्टा जिथे गाडीला जोडला आहे त्या जागेची वेगळी. भारतात त्यासाठी एआयएस-०१५ हे मानक आहे. ते युरोपातील ‘ईसीई आर-१४’ या नियमाच्या धर्तीवर बेतलेले आहे. मोटारीतील तीन टोकांच्या पट्ट्यासाठी चाचणीत खांद्याच्या भागावर १३.५ किलोन्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागावर आणखी १३.५ किलोन्यूटन ओढ दिली जाते. दोन्ही मिळून पावणेतीन टनांच्या आसपास. धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोचा एक कट्टा धरतात. त्या हिशेबाने एका प्रवाशाच्या पट्ट्यावर जवळजवळ सत्तर कट्टे टांगल्यासारखे होते. एवढी ओढ लागली असताना पत्रा वाकला तरी चालतो, पण जोड सुटता कामा नये. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. त्या पाहिल्या की गाडीच्या पत्र्याविषयीचा आपला विश्वास थोडा डळमळतो. नव्या, धडधाकट गाडीचे खांबसुद्धा कागदी खोक्यासारखे मुरडतात.

आता गॅरेजातल्या त्या चार भोकांकडे परत येऊ. मोटारीच्या तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो, काही ठिकाणी त्याहूनही कमी. कारखान्यात पट्टा जिथे अडकवायचा तिथे पत्र्याचे दोन-तीन थर एकमेकांवर ठेवून, आतून जाड पट्टी आणि नट वेल्ड करून ती जागा मुद्दाम भक्कम केलेली असते. गॅरेजात ‘जिथे सोयीचे तिथे’ भोक पाडले जाते. त्यावर दहा रुपयांचा वॉशर लावून बोल्ट आवळला जातो. हाताने जोर लावून ओढून पाहिले की हलत नाही, म्हणून काम पास. हाताची ओढ मात्र चाळीस-पन्नास किलोंची असते. धडकेत तो वॉशर पत्र्यातून असा निघून येतो, जसे ओल्या पुठ्ठ्यातून बटण निघावे. पावसाळाभर बांधीतल्या चिखलात उभ्या राहिलेल्या, आतून गंजलेल्या गाडीत तर त्याला फार श्रमही पडत नाहीत.

बोल्टची गोष्ट तशीच. सीटबेल्टसाठी जगभर वापरला जाणारा बोल्ट साधारण ११ मिलिमीटर जाडीचा, सात-सोळांश इंच बारीक आट्यांचा असतो. त्याच्या डोक्यावर ताकदीची श्रेणी कोरलेली असते. ८.८ श्रेणीचा असा बोल्ट तुटायला सहा टनांच्या आसपास सरळ ओढ लागते. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा आठ मिलिमीटरचा, ४.६ श्रेणीचा बोल्ट दीड टनाच्या आत तुटतो, आणि डोक्यावर कसलाच आकडा नसलेल्या बोल्टविषयी तर तेवढेही सांगता येत नाही. पाहायला दोघे भाऊ-भाऊ वाटतात. किमतीतला फरक फार नसतो. काही ठिकाणी भोक न पाडता बोल्टच थेट पत्र्याला वेल्ड करतात. ते आणखी वाईट. वेल्डिंगच्या उष्णतेने उच्च श्रेणीच्या पोलादाची ताकद जाते आणि ज्या आकड्याचे पैसे मोजले तो आकडा नुसता डोक्यावर राहतो.

शर्यतीच्या मोटारींसाठी ‘एफआयए’ या जागतिक संघटनेचे नियम या बाबतीत अगदी घरगुती भाषेत सांगता येतील इतके साधे आहेत. मूळ गाडीत पट्ट्याची जागा असेल तर तीच वापरा. नवी जागा करायची असेल तर पत्र्याच्या पलीकडून किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि चाळीस चौरस सेंटिमीटरांची, म्हणजे तळहाताच्या निम्म्याहून थोड्या कमी आकाराची पोलादी पट्टी लावा. जमेल तितका प्रत्येक पट्टा आपापल्या स्वतंत्र जागी अडकवा; एकाच बोल्टला दोन पट्टे लावले तर दोघांच्या ओढीची बेरीज त्या एका बोल्टने सोसायला हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पट्टा सीटला किंवा सीटच्या आधाराला बांधू नका.

या शेवटच्या नियमाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. बदललेल्या जीपमध्ये चौकोनी पाइपाचे बाक करून त्यालाच कमरेचे पट्टे जोडले जातात. अशा बाकावर तिघे बसले तर धडकेत तिघांचे मिळून तीन-चार टन आणि बाकाचे स्वतःचे वजन, हे सगळे त्या बाकाच्या चार पायांवर येते. पाय जर छोट्या स्क्रूंनी तळाला धरलेले असतील तर बाक, पट्टे आणि माणसे एकत्रच पुढे जातात. सीटमध्येच पट्टा असलेल्या गाड्या कंपन्याही बनवतात. पण तिथे सीट आणि तिचे पाय त्या भारासाठीच घडवून तपासलेले असतात.

खांद्याचा पट्टा खालून ओढला तर

जोड पक्का केला तरी अर्धेच काम होते. पट्टा शरीराला कुठून धरतो यावर उरलेले अवलंबून असते, आणि इथे अभियांत्रिकीतून आपण वैद्यकात येतो.

माणसाच्या शरीरात एवढे बल झेलू शकतील अशा जागा थोड्या आहेत. ओटीपोटाच्या खालचे कमरेचे हाड, म्हणजे श्रोणी, छातीचा पिंजरा, आणि खांद्याची हाडे. पोट त्यांत नाही. पोटात मऊ आतडी, यकृत, प्लीहा आणि मागे कण्याचे मणके. कमरेचा पट्टा श्रोणीच्या हाडावर, मांडीला लागून बसला पाहिजे. तो गाडीच्या तळाकडे तिरपा, साधारण ४५ ते ६० अंशांत उतरला तर हाडावर टिकून राहतो. जोड फार मागे घेतला की पट्टा आडवा होतो, धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा पोटात रुततो. पाणबुडी जशी पाण्याखाली सरकते तसे हे सरकणे, म्हणून इंग्रजीतही त्याला तशाच अर्थाचे ‘सबमरीनिंग’ हे नाव आहे.

त्यातून होणाऱ्या इजांचा गट डॉक्टरांना १९६२ पासून ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ या नावाने माहीत आहे. पोटावर पट्ट्याच्या आकाराचा काळा-निळा वळ, आतड्याला छिद्र किंवा फाटणे, आणि कंबरेचा मणका आडवा चिरला जाणे. या मणक्याच्या अस्थिभंगाचे वर्णन चान्स नावाच्या डॉक्टरने १९४८ मध्येच करून ठेवले होते. पुढे नुसत्या कमरेच्या पट्ट्यांच्या काळात तो वारंवार दिसू लागला. यातला धोका असा की रुग्ण पहिले काही तास बरा दिसू शकतो. तो बोलतो, चालतो, घरी जाऊ द्या म्हणतो. आतड्यातून झिरपणाऱ्या मळाने पोटात जंतुसंसर्ग पसरेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. गोरेगावसारख्या ठिकाणाहून गोंदियाचे वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पण नागपूर गाठायला काही तास लागतात. अपघातातून आलेल्या माणसाच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसत असेल, तर दुखत नसले तरी त्याला देखरेखीखाली ठेवणे आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅनसाठी पुढे पाठवणे, हे तालुक्याच्या दवाखान्यातही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नातेवाइकांनीही.

चार टोकांच्या हार्नेसमध्ये हीच गडबड वेगळ्या वाटेने होते. दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे पोटासमोरच्या बकलला जोडलेले असतात. धडकेत छाती पुढे जाते, खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि ते बकलला वर ओढतात. बकलबरोबर कमरेचा पट्टाही हाडावरून सुटून पोटावर चढतो. हे टाळायला शर्यतीच्या हार्नेसमध्ये पाचवा किंवा सहावा पट्टा असतो. तो दोन मांड्यांमधून खाली जाऊन बकलला जागेवर धरतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चार टोकांच्या संचात तो नसतो, आणि असला तरी त्यासाठी सीटला खाली खाच पाहिजे, जी साध्या सीटला नसते.

दुसरी चूक खांद्याच्या पट्ट्यांची. मागे अडकवायला पक्के काही नसले की ते सीटच्या पाठीवरून घेऊन थेट मागच्या तळाला बांधले जातात. हिशेब साधा आहे. पट्टा खांद्यापासून ४५ अंशांत खाली जात असेल, तर माणसाला जेवढे मागे धरले जाते तेवढ्याच जोराने त्याचा खांदा खालीही दाबला जातो. टनभर ओझे अचानक डोक्याखालच्या कण्यावर ठेवण्यासारखे ते आहे. हाच पट्टा दहा अंशांनी उतरत असेल तर दाब मागच्या ओढीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. म्हणून शर्यतीच्या नियमांत ४५ अंशांची कमाल मर्यादा आहे आणि शिफारस दहा अंशांच्या आत राहण्याची आहे. त्यासाठी खांद्याच्या उंचीला मागे आडवा मजबूत पाइप लागतो, आणि तो पाइप पूर्ण पिंजऱ्याचा भाग असावा लागतो.

पट्टा नीट अडकवला तर माणूस किती सोसू शकतो, हे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवर करून पाहिले होते. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर त्यांनी ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठला आणि १.४ सेकंदांत ते थांबले. शरीरावर वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, पण ते वाचले आणि पुढे १९९९ पर्यंत जगले. (जे बिघडू शकते ते बिघडणारच, हा ‘मर्फीचा नियम’ही स्टॅप यांच्याच चाचण्यांमधून जन्मला असे सांगितले जाते. तिथे पट्ट्यांवरचे ताण मोजणारे संवेदक उलटे जोडले गेले होते.) याच काळात स्वीडनमध्ये विमानाच्या आसनांवर काम केलेले अभियंता निल्स बोलिन व्होल्वो कंपनीत आले. त्यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा दिला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांसाठी खुले ठेवले. आज आपल्या गाडीत असलेला पट्टा हाच. एका हाताने लागतो, श्रोणी आणि छाती दोन्ही धरतो, एरवी सैल राहतो आणि झटका बसला की अडकतो.

रस्त्यावरच्या गाडीसाठी यापेक्षा चांगला पट्टा घरी करता येत नाही, हे हार्नेसच्या हौशी मालकांना पटवणे कठीण जाते. शर्यतीचा हार्नेस हा शर्यतीची सीट, मजबूत पिंजरा, हेल्मेट आणि मानेचा आधार या सगळ्यांचा एक भाग असतो. साध्या गाडीत तो एकटा बसवला तर मान एकटीच पुढे फेकली जाते. शिवाय गाडी उलटली आणि छत खाली चेपले, तर तीन टोकांच्या पट्ट्यातला माणूस थोडा बाजूला झुकू शकतो. दोन्ही खांद्यांनी जखडलेला माणूस मात्र ताठ बसून राहतो आणि छत त्याच्या डोक्यावर येते.

उघडी जिप्सी आणि बाजूची बाके

यातून नागझिऱ्याच्या उघड्या जिप्सीचा पेच समोर येतो. सफारीसाठी बदललेल्या जिप्सीला छत नसते आणि मागच्या सीटा पाहणाऱ्यांसाठी उंच केलेल्या असतात. जंगलात गाडी हळू चालते. तिथे धोका कमी. पण गावातून किंवा हॉटेलातून गेटपर्यंत हीच गाडी पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याने धावते. उंच सीटमुळे माणसांचे वजन वर गेलेले, म्हणजे उलटण्याची शक्यता वाढलेली. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जाणार. आणि डोक्यावर नळीचा पिंजरा नसताना नुसता हार्नेस लावला तर उलटलेल्या गाडीखाली तो जखडून राहणार. म्हणजे अशा गाडीत आधी चेसिसला जोडलेला पिंजरा, मग पुढे तोंड असलेली पक्की सीट आणि मग पट्टा, असा क्रम पाळावा लागतो. पट्ट्यापासून सुरुवात केली तर गणित उलटे पडते.

जीपमधल्या समोरासमोरच्या लांब बाकांना तर पट्टा हे उत्तरच नाही. बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाला कमरेचा पट्टा लावला तरी धडकेत त्याचे धड आडवे वाकते आणि मान मुरडते. आणि पिकअपच्या डाल्यात उभ्या राहिलेल्या रोवणीच्या बायांना कुठलाही पट्टा लावता येत नाही. तिथे गरज बसगाडीची आहे, नटबोल्टची नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात याच कलमाचा अर्थ कडक लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायची असेल तर आधी परवानगी घेऊन ते करता येते. पट्टा न लावण्याचा दंड हजार रुपये, आणि तो मागच्या सीटवर पुढे तोंड करून बसलेल्यांनाही लागू आहे.

हे सगळे कागदावर ठीक आहे. पण बदललेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच, आणि बदल करणारे हात कुशलही आहेत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ गाजला. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला थांबवले जाईल असेही म्हटले. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कारागिराला बोलेरो मिळाली. त्या जीपमध्ये कल्पकता भरपूर होती. एआयएस-०१५ सारख्या चाचणीला लागणारे यंत्र मात्र कुठल्याच गावातल्या गॅरेजात नसते. ज्यांना स्वतः गाडी बनवायचीच आहे अशा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा आहे. तिथे राज्यातल्या कॉलेजांची पोरे नळ्यांची गाडी स्वतः बांधतात. ट्रॅकवर जाण्याआधी परीक्षक पिंजऱ्याच्या नळीपासून हार्नेसच्या बोल्टपर्यंत सगळे तपासतात आणि जोड पटला नाही तर गाडी परत पाठवतात. गावच्या गॅरेजाला असा परीक्षक मिळत नाही. आरटीओची योग्यता तपासणी होते, पण पट्टा आहे की नाही हे पाहणे वेगळे आणि तो पत्र्याच्या पलीकडे कशाला धरला आहे हे वाकून पाहणे वेगळे.

पट्ट्याच्या बाबतीत आपण किती हट्टी आहोत, याची मोजदाद सरकारनेच केली आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. पट्टा न लावता मेलेली १६,७१५. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. मागच्या सीटवर पट्टा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्राला दोन मोठे धक्के देऊन गेली. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता, आणि गाडीचे फार नुकसान झालेले नसताना मानेच्या आणि यकृताच्या इजेने त्यांचा अंत झाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागे बसलेले दोघे गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. तपासात पोलिसांनी आणखी एक बाब सांगितली. गाडी चालवणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर पट्टा होता, पण कमरेचा भाग नीट बसवलेला नव्हता. उत्तम गाडी, कारखान्यातला पक्का जोड, तरीही पट्टा शरीरावर कुठे बसतो याने फरक पडतो तो असा. त्यानंतर मुंबईत मागच्या पट्ट्याची सक्ती झाली. दुसरीकडे, पट्टा न लावता वाजणारी शिटी बंद करणाऱ्या क्लिपा खुशाल विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिले, तेव्हा अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या.

मग गोरेगावच्या रस्त्यावरच्या जीपमालकाने काय करावे? कंपनीने दिलेले पट्टे आणि त्यांच्या जागा शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये. सीटकव्हर घालताना बकल आत दडपले असेल तर ते बाहेर काढावे. मूळ सीट काढून टाकली असेल तर तीच किंवा त्याच मॉडेलची सीट परत तिच्याच बोल्टांवर बसवावी, बाक करू नये. जुनी गाडी घेताना तळाचे मॅट उचलून पट्ट्याच्या बोल्टभोवतीचा पत्रा पाहावा. रंग फुगलेला, पापुद्रे निघालेले असतील तर आधी पत्र्याचे काम, मग बाकीचे. नवा जोड करावाच लागला तर तो चेसिसवर किंवा पिंजऱ्याच्या नळीवर असावा. पलीकडे जाड पोलादी पट्टी असावी, तिच्या कडा घासून गोल केलेल्या असाव्यात, आणि पट्टा कुठल्याही धारेला घासत नसावा. पट्ट्याचे कापड पॉलिएस्टरचे असते. वेल्डिंगची ठिणगी, बॅटरीचे ॲसिड आणि वर्षानुवर्षांचे ऊन त्याला गुपचूप खात असते; उघड्या जिप्सीत तर रोजच.

भंगारातला पट्टा हा वेगळा विषय आहे. तो स्वस्त असतो आणि बहुतेक वेळा धडक झालेल्याच गाडीतून आलेला असतो. एकदा माणूस झेललेल्या पट्ट्याचे धागे ताणले गेलेले असतात, आणि काही पट्ट्यांत ऊर्जा जिरवण्यासाठी मुद्दाम घातलेली टाक्यांची घडी उसवलेली असते. पट्टा पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकापाशी ही घडी पाहता येते. टाके उलगडलेले असतील, कापडावर चकचकीत घासल्याची रेघ असेल किंवा कंपनीची चिठ्ठी कापलेली असेल, तर तो पट्टा ट्रॉलीवर तणस बांधायला ठीक आहे. शर्यतीच्या हार्नेसवर तर वैधतेचे वर्षच छापलेले असते. ते उलटले की स्पर्धेत तो चालत नाही, मग रंग कितीही नवा दिसो.